खिळ्यावरचा बी.ए.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. ट्रंकेच्या तळाशी, पालथा घालून ठेवलेला. टाकून देववत नाही आणि वर काढून बघितला की किळस येते. अंगात काळा झगा, गळ्यात रेशमी पट्टा, हातात गुंडाळी. झगा स्टुडिओवाल्याचा, पट्टाही त्याचाच, आणि ती गुंडाळी म्हणजे त्याच्या भिंतीवरून काढलेलं गेल्या वर्षाचं कॅलेंडर. चेहरा तेवढा माझा. किळस येते ती त्या चेहऱ्याची.

मुळशीत पौडच्या अलीकडे आमचं गाव. एकोणीसशे साठच्या आधीची दोन-तीन वर्षं मी सांगतो आहे. ख्रिस्ती घरं तेव्हा पाच. गाव आम्हाला किरिस्ताव म्हणायचं आणि रागात असलं की जुन्या जातीचं नाव घ्यायचं. माझ्या आज्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून मुळा नदीच्या डोहात सोडले. मिशनच्या गोऱ्या साहेबाने त्याला त्या दिवशी एक तक्ता दिला. दहा आज्ञांचा. जाड पुठ्ठ्यावर छापलेला, कडेने द्राक्षवेलीची नक्षी. आमच्या मातीच्या भिंतीत खिळा टिकत नसे. ठोकला की पोपडा पडायचा. एका ठिकाणी मेढीचं, म्हणजे आतल्या खांबाचं, लाकूड भिंतीतून डोकावत होतं, तिथे तेवढा एक खिळा बसला. त्या खिळ्यावर तो तक्ता. आज्याला वाचता येत नव्हतं, पण येताजाता त्याच्यापुढे पागोट्याला हात लावायचा. बापाला अडखळत वाचता यायचं. मला सातव्या वर्षीच सगळा तोंडपाठ होता.

बाप मी मॅट्रिकला असताना गेला. तो प्रार्थनामंदिराची राखण करायचा, घंटा वाजवायचा. तो गेल्यावर ते काम आपसूक आईकडे आलं. सारवण करणं, चटया अंथरणं आणि महिन्यातून एका रविवारी पुण्याहून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला येत, तेव्हा द्राक्षरसाचे ते इवले इवले काचेचे पेले धुऊन पुसून मेजावर लावणं. पेल्यांना ती फार जपायची. पदराने कधी पुसायची नाही; त्यांच्यासाठी वेगळं धुवट फडकं होतं.

मी बी.ए. झालो. पाच घरांतच काय, अख्ख्या गावात पहिला. पाटलाचा मुलगा इंटरला दोनदा बसून घरी परत आला होता. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या दिवसांत मी हे दिवसातून दहा वेळा मनाशी म्हणायचो.

तो मोठा फ्रेम केलेला फोटो काखेत मारून मी घरी आलो. लावायला खिळा हवा. खिळा एकच. मी तक्ता उतरवला.

आई चुलीपुढून उठून आली. "अरं, मंग त्यो कुटं लावायचा?"

"बघू. दुसरा खिळा ठोकू."

"हितं खिळा बसत न्हाई."

"बघू म्हटलं ना."

दुसरा खिळा काही कधी ठोकला गेला नाही. तक्ता चार दिवस भिंतीला टेकून उभा होता, मग दिसेनासा झाला. मी विचारलं नाही. फोटो मात्र झकास दिसत होता. दारातून येणाऱ्याची नजर पहिली त्याच्यावरच जायची. फोटोच्या आणखी चार प्रती होत्या, त्या मी उरलेल्या चार घरांना वाटल्या.

मंडळीने, म्हणजे आमच्या पाच घरांच्या चर्चने, माझ्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली. पाळकसाहेब आले, प्रभुभोजनही दिलं. आमच्या पंचांचे मुख्य म्हणजे माझ्या बापाचे चुलतभाऊ. मी त्यांना काका म्हणायचो. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर बसवून उरवड्याच्या बाजाराला नेलेलं. त्या दिवशी भरसभेत ते मला "साहेब" म्हणाले, आणि मी मान हलवली. गळ्यात हार पडले. देवाचे उपकार मानायला सगळे जमले होते, पण देवाला त्या दिवशी मागल्या चटईवरसुद्धा जागा मिळाली असेल असं वाटत नाही.

उपासनेनंतर आमच्या अंगणात जेवणाची पंगत. बांधापलीकडे गावातल्या एका बड्या शेतकऱ्याचं घर. त्या घरची मालकीण शेरडं घेऊन बांधावर उभी. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. आमच्याकडचं पाणी ती प्यायची नाही, पण बोलल्यावाचून तिला राहवायचं नाही. तिथूनच ती आईला ओरडून म्हणाली,

"काय गं, पोरगं पास झालं म्हणं! मंग आता नवस कवा फेडतीस?"

आईच्या हातातली भाताची परात तशीच राहिली.

काकांनी मान वर केली. "कसला नवस?"

"अवो, वाघजाईला बोलली न्हवं का ही! शिमग्याच्या आदी. मी शेरडं घिऊन पारापाशी व्हते. ही खाली हुबी. गुडघं टेकलं, डोळं मिटलं, आन् मोठ्यानं म्हणती, आई, माज्या पोराला बीए कर, येशूच्या नावानं मागते, आमेन!" आत्याबाई पोट धरून हसायला लागली. "मी म्हटलं, बया! आमच्या देवीला आता आमेन शिकवती का काय!"

वाघजाई म्हणजे गावाच्या शिवेवरची देवी. उंबराखाली दगडी पार आणि पारावर शेंदूर फासलेला गोटा, तिचा तांदळा. त्या पारावर आमच्या लोकांनी पाय ठेवायचा नाही. मागायचं ते खालून. माझ्या आज्याला तिथून ढकलून दिलं होतं, हे मी घरात शंभर वेळा ऐकलेलं. ती देवी आत्याबाईची होती आणि तिच्यापुरती खरी होती. मला तिचं काही म्हणायचं नाही. पण ज्या पारावरून सासऱ्याला ढकललं, त्याच्याच खाली जाऊन माझ्या आईने गुडघे टेकले. तेही येशूच्या नावाने. म्हणजे ना धड इकडची, ना धड तिकडची.

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेबांनी घास खाली ठेवला.

"वहिनी, खरं हाय का हे?" काकांनी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

"काय बोललीस?"

"पास झाला तर त्याला आणून तुज्या पायावर घालीन म्हटलं."

मला शिसारी आली.  त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की ही शिसारी धर्मासाठी आहे, मूर्ती पुजू नको म्हणणाऱ्या दुसऱ्या आज्ञेसाठी आहे, आज्यासाठी आहे. खोटं होतं ते. वसतिगृहात चार वर्षं डोळे फोडले मी, दुसऱ्यांची पुस्तकं उतरवून काढली, आणि पास केलं कुणी, तर उंबराखालच्या दगडाने! माझा वाटा कुणीतरी पळवला होता, म्हणून मी पेटलो होतो.

जेवणं उरकल्यावर पंच प्रार्थनामंदिरात बसले. ठराव करायचा होता. काकांचा हात कापायचा, बाकीच्यांना सही पुरती येत नव्हती. काका म्हणाले, "आता आपल्यात बी.ए. हाय. साहेबांनीच लिवावं."

मी लिहिलं. आजही शब्दन् शब्द आठवतो. "सदर भगिनी मूर्तिपूजेच्या पापात पडल्याचे निष्पन्न झाल्याने, मंडळीपुढे पश्चात्ताप प्रकट करीपर्यंत तिला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवण्यात यावे." खाली रेघ मारली. पाळकसाहेबांनी वही उचलून पाहिली आणि म्हणाले, "काय वळणदार अक्षर आहे!" मी हसलो. लाजून हसलो, जसं नव्या नवऱ्या मुलाने हसावं.

सदर भगिनी तेव्हा बाहेर पेले धूत होती.

प्रभुभोजन बंद होणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आईला लुगडी दोन होती, दागिना म्हणून कानात काही नव्हतं, वाचता येत नव्हतं. तिचं म्हणावं असं जगात जे काही होतं ते त्या मेजावर होतं: बोटाच्या पेराएवढा भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस. तिथे काकांच्या आणि पाळकसाहेबांच्या बरोबरीने तिच्या हातावर तुकडा पडायचा. गावात तिच्या हातावर कुणी वरून टाकल्याशिवाय काही पडलं नव्हतं.

मला पुण्यात शाळेत मास्तरकी लागली. भोजनाच्या रविवारी मी घरी यायचो. मेजावरचं पांढरं कापड काढलं की आई बायकांच्या चटईवरून उठायची, पायऱ्यांपाशी ओट्यावर जाऊन बसायची. भोजन संपलं की आत येऊन पेले गोळा करायची. पेल्याला ओठ लावायची बंदी होती, धुवायची नव्हती. ठरावात तसं लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मीच लिहिलं नव्हतं. पाच घरांत आणखी सहा बायका होत्या. एकीच्याही मनात आलं नाही की आज पेले आपण धुवावेत. मंडळी! नुसता तो शब्द आठवला तरी तोंड कडू होतं.

एकदा मी तिला म्हटलं, "किती दिवस बाहेर बसणार? एकदा उभी राहा आणि सांगून टाक."

"काय सांगू?"

"की देवीने काही केलं नाही. देवाने केलं."

"तुला पास कुणी केलं?"

"मी अभ्यास केला."

"मंग देवानं केलं म्हणून कसं सांगू? मंडळीत खोटं बोलायचं?"

मग तीच म्हणाली, "मी दोगांकडं मागितलं. कुणी ऐकलं ते मला काय कळतंय? पण नवस बोलले ते बोलले. तू यष्टीनं येतोस-जातोस, माज्या जिवाला घोर लागतो. एकदा चल रं. खालनंच हात जोड."

"आई, मी ग्रॅज्युएट आहे. दगडापुढं वाकायला जन्मलो नाही."

"मंग कुणाम्होरं वाकतोस?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

मी पिशवी उचलून एस.टी.कडे निघालो. 

भात झोडून झालं होतं, तेव्हाची गोष्ट. शनिवारी दुपारी घरी आलो. दारातून आत पाय टाकला आणि सवयीने खिळ्याकडे बघितलं. फोटोच्या काचेवर, बरोबर माझ्या कपाळावर, कुंकवाचा टिळा. खाली हळदीचं बोट. फ्रेमच्या खाचेत दोन-चार तांदूळ अडकलेले. गळ्यातल्या रेशमी पट्ट्यावर शेंदराचा फराटा.

"आई! हे काय?"

"फेडला," ती चुलीपुढून म्हणाली.

"काय फेडला?"

"नवस. तू काय येईनास. मंग तुजा फोटू नेला."

 बांधावरून आत्याबाईने माझा आवाज ऐकला असणार. ती तिथूनच ओरडली, "बगितलंस का रं बीए? तुमच्यातला पयला तूच चढलास पारावर! तुज्या आईनं फोटू खाली धरला, मी म्हटलं आण हिकडं, मीच ठिवते. माणसाचा इटाळ, फोटूला कसला इटाळ! वाघजाईच्या पायाला लावून दिला बग."

जोगवा मिळाल्यासारखी ती खूश होती. तिने मला मानच दिला होता, तिच्या परीने.

आणि आता जे लिहितो ते लिहायलाच हे सगळं लिहायला घेतलं. क्षणभर मला बरं वाटलं. आज्याला जिथून ढकललं तिथे मी चढलो, झगा घालून, पट्टा घालून, पाटलाच्या पोराच्या आधी. छाती फुगली माझी. इतके महिने त्या पाराच्या नावाने आईला बोल लावत होतो, तिला मेजावरून उठवलं होतं, आणि त्याच पारावर आपण चढलो म्हणून मला गुदगुल्या झाल्या! माझीच मला किळस आली. पण ती किळस आईवर काढायची सवय लागलेली.

"माझा फोटो दगडापुढं ठेवलास? ही मूर्तिपूजा आहे, कळतं का तुला?"

ती उठली. हात पुसले. रागावली नव्हती, बुचकळ्यात पडली होती.

"मंग घरात काय करतोय आपण? मी रोज उठून तुजी काच पुसते. तू आलास की आदी तिकडं बगतोस, मंग माज्याकडं. त्या खिळ्यावर देवाचं व्हतं. तू काढलंस आन् ह्ये लावलंस. मला वाटलं, शिकलेल्यात असंच मानत असत्याल."

"तक्ता कुठाय?"

"कणगीवर हाय. तांदळाला उंदरं लागली व्हती. झाकण न्हवतं."

कोपऱ्यातल्या लहान कणगीवर तक्ता पालथा घातलेला, वर वजनाला धोंडा. उचलून उलटा केला. द्राक्षवेल तीन बाजूंनी कुरतडलेली. दमट हवेने अक्षरं फुगलेली, पण वाचता येत होती. दहाच्या दहा आज्ञा उंदरांपासून तांदूळ राखायच्या कामाला लागल्या होत्या, आणि त्यांना त्या कामाला मी लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी भोजनाचा रविवार. उपासना सुरू व्हायच्या आधी मी पुढे जाऊन पाळकसाहेबांना सलाम केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या नावाने ठराव लिहा. मलाही मेजावरून उठवा."

काका हसले. "तुमी काय केलंत साहेब?"

"आज्ञांचा तक्ता काढून तिथे स्वतःचा फोटो लावला."

आता सगळेच हसले. एक जण म्हणाला, "अवो, फोटू तर आमच्या घरी बी तुमचाच हाय. पोरांना सांगतो मी, रोज पाया पडून साळंत जा."

दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "आमी बी तसंच."

चारही प्रती मीच वाटलेल्या. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नम्रता चांगली. पण मेजाची वेळ होते आहे. आणि या वर्षी पंचांत तुमचंही नाव घ्यायचं म्हणत आहेत." काका मान डोलावत होते. अडाणी बाईने शेंदराच्या दगडापुढे आमेन म्हटलं तर ठराव, आणि पाच घरं झगेवाल्यापुढे वाकली तर पंचपद. मला त्या चटया, ते मेज, ते चेहरे, सगळ्याचा वीट आला.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. थोड्या वेळाने आतलं गाणं थांबलं, कापड काढल्याचं कळलं आणि आई बाहेर आली. मला बघून थबकली.

"तुला कुणी काढलं?"

"कुणी नाही. मीच आलो."

"मंग हितं कशाला बसलास?"

"तुझ्याबरोबर."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उगा सोंगं करू नगंस. आत समदी तुज्याकडंच बगत्यात. पेले मोजून लावल्यात मी, तुजा तसाच ऱ्हाईल."

बरोबर ओळखलं तिने. मी बाहेर बसलो होतो तोही फोटोच होता. झगा नव्हता, एवढंच.

मग ती बसलीच नाही. पदर सावरला आणि उलट्या पावली आत गेली. दारातून मी बघत होतो. मेजापाशी जाऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला बोलायचं हाय."

पाळकसाहेबांच्या हातात भाकरीचं ताट तसंच.

"मी वाघजाईला बोलले व्हते. बोलले ते फेडलं. आता तिचं माजं काय ऱ्हायलं न्हाई. पोराला पास कुणी केलं मला ठावं न्हाई, खोटं बोलणार न्हाई. पर परत तिकडं मागायला जाणार न्हाई. मागितलं ते मिळालं, आन् मिळाल्यावर काय झालं ते मी घरात बगितलं. हितून म्होरं देवाकडं मागीन ते बी जपून मागीन."

कुणी हसलं नाही. काका पुटपुटले, "ठरावात तर पश्चात्ताप म्हटलंय..."

पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. हार घालणारे, अक्षर वाखाणणारे तेच गृहस्थ; पण त्या दिवशी ते वेगळे वाटले. "ठरावात पश्चात्ताप म्हटलंय," ते म्हणाले. "शब्द कोणते, ते म्हटलेलं नाही." आणि ताट तिच्यापुढे धरलं.

तिने तुकडा घेतला.  पेला प्यायली आणि सवयीने तो हातातच धरून ठेवला, धुवायचा म्हणून.

मी आत गेलो नाही. माझा पेला भरलेला तसाच राहिला.

घरी आल्यावर मी फोटो उतरवला आणि कणगीवरून तक्ता काढून, झटकून, खिळ्याला लावला. कुरतडलेला, फुगलेला, वाकडा. आई कणगीपाशी उभी होती.

"आता हिच्यावर काय घालू?"

मी हातातली फ्रेम तिला दिली. तिने ती कणगीच्या तोंडावर धरून बघितली. बरोबर बसत होती. काचेवरचा टिळा मी पुसला होता, पण कुंकू फ्रेमच्या खाली शिरलं होतं, ते अजून आहे.

"सरळ घालू का पालथा?"

"पालथा," मी म्हटलं.

तिने पालथा घातला आणि वर धोंडा ठेवला.